काकू, ती फटफटी सापडली नसती तर

काकू, तू गेलीस त्या सकाळी धड रडायलाही कुणाला सवड मिळाली नाही. तुला आत चटईवर निजवलेलं, आणि बाहेर ओट्यावर भांडण पेटलेलं. हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं? कपाळाला कुंकू लावायचं की नाही? गल्लीतल्या बाया नारळ, हिरवा खण आणि कुंकवाचा करंडा घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या. आबा म्हणत होते, "माझा भाऊ जिता आहे, म्हणजे सवाष्ण गेली. मळवट भरा." मी दारात आडवी उभी होते. माझे वडील म्हणून आजवर मी आबांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी सगळी कसर भरून निघाली.

दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा तू माझं मनगट धरून सांगितलं होतंस, "सुमी, मना कपायले कोनले हात लावू देऊ नको." बस, एवढंच मागणं. ना तीर्थाला नेण्याचं, ना दानधर्माचं. आणि तेवढंच नेमकं ह्या घरात सगळ्यात अवघड होतं.

लोकांना वाटतं तू तऱ्हेवाईक होतीस. वाटू दे. नानाकाकांची फटफटी शोधत आपण दोघी कुठंकुठं फिरलो आणि साक्रीला काय ऐकलं, ते तुझ्या माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही.

काय धूड होतं गं ते! लढाईच्या काळातली विलायती गाडी, फौजेनं मोडीत काढलेली. काकांनी ती लिलावातून आणलेली. वरचा काळा रंग खरवडला की खालून फौजेचा हिरवा दिसायचा. किक उलटी बसली की पोटरी काळीनिळी व्हायची, पण काकांना तिचं कोण कौतुक! पंप दुरुस्तीची पिशवी टाकीवर अडकवून ते गावोगाव जायचे, आणि त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तू चुलीवर तवा चढवायचीस. तू मागच्या शिटावर एका अंगानं बसायचीस, पाय लोंबायचे, म्हणून त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून तुझ्या दोन्ही पायांना पुरेल अशी लांब लोखंडी पट्टी बसवून घेतली होती. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू माहेरी निघायचीस ती त्या पट्टीवर पाय ठेवून, राणीसारखी. मी ओट्यावरून बघायची. मला तुझा हेवा वाटायचा, आज सांगते.

मग ब्याऐंशीचा तो पावसाळा. काका सकाळी भाकरी बांधून घेऊन चोपड्याकडं पंप बघायला म्हणून निघाले आणि परत आलेच नाहीत. तापी दुथडी भरून वाहत होती. आबांनी चार माणसं घेऊन काठाकाठानं शोधलं, पोलिसांत सांगितलं. माणूस नाही, गाडी नाही, चप्पलसुद्धा नाही. बिरादरीत ठरलं की नदीनं नेलं. पण अंग सापडलं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि मग तुझं कुंकू पुसायचं. तोवर तू कोण, हे कुणी ठरवलं नाही.

ते मधलं जिणं मी बघितलंय. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची, भाऊबंदांतल्या सवाष्णींना हळदकुंकू लावलं जायचं, आणि तुझ्यापाशी आल्यावर बाईचा हात अडखळायचा. कुंकवाचं बोट तसंच हवेत. एक तर चक्क विचारायची, "लावू का गं?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. तू तिच्या हातातला करंडा घ्यायचीस, स्वतःच बोट बुडवून लावायचीस आणि करंडा परत द्यायचीस. चेहऱ्यावर काही नाही. घरी आल्यावर मात्र पोळपाटावर लाटणं असं आपटायचीस की आई आतून विचारायची, काय फुटलं.

अशाच एका कानबाईनंतर तू जळगावला माझ्या खोलीवर आलीस. मी नुकतीच तिथल्या शाळेत शिकवायला लागले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणालीस, "आपुन फटफटी शोधसूत."

"माणूस सहा वर्षं सापडला नाही, काकू. गाडी कुठून सापडणार?"

"मानूस तोंड दपाडी, पन हाई फटफटी आवाज कशी दपाडी?"

आणि मग ते तुझं वाक्य, जे मी आजही विसरू शकत नाही. "मरेल व्हई ते रडसू, जित्ता व्हई ते भांडसू. पन माले काय ते कळू दे."

तुझं खरं होतं. माणूस तोंड लपवील, पण तो आवाज कसा लपणार, आणि असलं यंत्र खानदेशात दुसरं असणार कुठून? आणि त्याला कधी ना कधी सुटा भाग लागणारच. जळगावात जुन्या गाड्यांचे पार्ट विकणारा एक म्हातारा होता. आपण गेलो. तू मला आधीच बजावलंस की तू स्वतःला त्यांची बहीण म्हणून सांगणार. "बायको म्हटलं की लोक गप बसतात. बहिणीशी बोलतात." त्यानं गाडीचं वर्णन ऐकलं आणि लगेच मान हलवली. हो, आली होती की. पुढं स्प्रिंगवाली, मागं लांब पट्टीवाली. नरडाण्याकडचा कुणी माणूस तिच्या ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची तार नव्यानं गुंडाळून घ्यायला आला होता.

तू विचारलंस, "पाण्यात बुडालेली होती का?"

"छे हो. कोरडी ठणठणीत. पाण्यात गेलेली गाडी मला लगेच कळते."

काकू, तिथल्या बाकड्यावर तू किती वेळ बसलीस! गाडी नदीत गेली नव्हती. मग काका? ज्याच्याकडं गाडी आहे त्यानंच काकांचं काही बरंवाईट केलं नसेल ना? हे तुझ्याही मनात आलं आणि माझ्याही, पण दोघींनी तोंडातून काढलं नाही. फक्त पुढच्या रविवारी नरडाण्याला निघालो तेव्हा तुझ्या पिशवीत भाकरीच्या खाली मला विळा दिसला. मी म्हटलं, "हे काय?" तू म्हणालीस, "काही नही. गवत दिसनं ते कापसू." गवत म्हणे!

नरडाण्याला कारखान्यांच्या रस्त्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं गाडी ओळखली, पण तो आपल्याकडं जरा जास्तच बघत होता. कशाला पाहिजे, कोण तुम्ही, पोलिसांकडून आलात का? तू शांतपणे सांगितलंस, भावाची आठवण आहे म्हणून बघायची आहे, नेणार नाही. तेव्हा तो बोलला. इथल्या माणसानं ती चालवायला आणली होती, जमली नाही, परत दिली. खरा धनी साक्रीचा, गफूरभाई मणियार. आठवडे बाजारांना बांगड्यांच्या पेट्या बांधून फिरतो.

साक्रीला जाताना एस्टीत तुझी पिशवी मांडीवर घट्ट. मी मनाशी घोकत होते की काही वाकडं दिसलं तर सरळ ओरडायचं, बाजाराचा दिवस आहे, माणसं धावतील. बाजाराच्या कडेला बसलो. दुपार कलली, आणि तो आवाज आला. संथ, जड, ढग... ढग... ढग. तू उभी राहिलीस. अगं, सहा वर्षांनी आणि भर बाजारात, तुझा हात पदर सावरायला गेला! नवरा घरी येतोय म्हणून. मला तेव्हा इतकं रडू आलं होतं.

गफूरभाई मात्र विळा काढावा असा माणूस नव्हता. पिकली दाढी, मोठा बोलका. बहीण म्हटल्यावर आपल्याला घरी नेलं, बाज टाकली, चहा मागवला. गाडी अंगणात उभी होती, बांगड्यांच्या पेट्या अजून बांधलेल्याच. तू जाऊन त्या लोखंडी पट्टीवर हात ठेवलास आणि तिथंच उभी राहिलीस. मी विचारलं, गाडी कुणाकडून घेतली.

"अहो, खुद्द तुमच्या भावाकडून! इथून पुढं नवापूरच्या रस्त्याला राहतो ना. तापीला तो मोठा पूर आला होता बघा, त्याच्या पुढच्या सालच्या दिवाळीत. बाई, तुमचा भाऊ मोठा रीतीचा माणूस. बैल विकताना धनी दावं देत नाही ना, ठेवून घेतो? तसा त्यानं हँडलचा गोंडा सोडून घेतला. म्हणाला, दावं देत नसतात. आणि भाभीनं तर कमाल केली. चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाशी भाकरीचा तुकडा ठेवला. दारचं जनावर निघाल्यासारखं. रडलीसुद्धा बिचारी."

सौदा कसा चोख झाला हे आपल्याला पटावं म्हणून तो कौतुकानं सांगत होता. त्याला काय ठाऊक! दर दसऱ्याला त्या चाकांना हळदकुंकू लावणारी बाई त्याच्या समोर उभी होती. जनावर दारातून निघताना त्याच्यावर पाणी घालायचं ते घरच्या लक्ष्मीनं. दुसऱ्या कुणी ते करायचं नसतं. हे तुला सांगायला नको होतं, आणि मलाही.

"कोनती भाभी?" तू विचारलंस.

"त्याचीच बायको की. कडेवर पोर होतं तेव्हा. आता शाळेत जात असेल."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती माझी सरकली. तुझी नाही. तू बाजेवर येऊन बसलीस आणि दोन्ही हात त्याच्यापुढं धरलेस. "भाऊ, तुम्ही मणियार ना? ह्या बांगड्या उतारी द्या."

तो खुशीनं पेटी सोडायला लागला. "नवीन कोणत्या भरू? राजवर्खी आहेत, चांगल्या ठसठशीत."

"नवीन नको."

तेव्हा त्यानं तुझ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि त्याला सगळं समजलं. पेटीचं झाकण तसंच धरून तो म्हणाला, "बहन, माफ करना. मेरा काम हाथ भरने का है. जिसका मियाँ जिंदा है, उसका हाथ मैं खाली नहीं करता."

"जित्ता शे ते तिना शे. मना नही," तू म्हणालीस.

तो काही हलला नाही. मग तू उठलीस, रांजणाच्या पाण्यानं हात ओले केलेस आणि एकेक बांगडी स्वतः उतरवलीस. एकही फुटू दिली नाहीस. सगळ्या त्याच्या पेटीत नीट ठेवल्यास आणि म्हणालीस, "कोनले तरी भरी द्या." गफूरभाई डोळे पुसत होता. तू नाही. विळा भाकरीखाली तसाच पडून होता.

आणि इथून आपलं भांडण सुरू झालं, काकू. साक्रीच्या स्टँडवर नवापूरची गाडी लागलेली होती. मी तुझा हात ओढला. चल, आत्ता चल! जित्ता असेल तर भांडेन म्हणाली होतीस ना? जाऊन त्याच्या दारात उभी राहा, चार लोकांत विचार. तू धुळ्याच्या गाडीत जाऊन बसलीस. मी वाटभर बडबडले, भित्री म्हटलं, अजून काय काय म्हटलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. धुळ्याला उतरल्यावर स्टँडच्या नळावर तोंड धुतलंस, आणि पदरानं कपाळ पुसलंस ते असं की पुन्हा कधी कुंकू लावलं नाहीस. मंगळसूत्र काढून कनवटीला खोचलंस.

घरात पाऊल टाकलं आणि पुढचा गोंधळ. माझ्या आईनं तुझं कपाळ बघितलं आणि गळा काढला. शेजारच्या बाया धावत आल्या, त्याही रडायला बसल्या. मला कुणी बोलूच देईना. आबांनी "नाना रे!" म्हणून भिंतीवर डोकं टेकलं आणि न्हाव्याला बोलावणं धाडलं. तू माठातलं पाणी पिऊन, लुगडं बदलून बाहेर आलीस तर आबा ओट्यावर डोकं ओलं करून बसलेले, न्हाव्यानं वस्तरा टेकवलेला.

तू विचारलंस, "कोन मरी गया?"

मग तू सांगितलंस. साक्रीच्या पुढं आहे. बायको आहे, पोर आहे. तब्येत चांगली आहे. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. आबा ओल्या डोक्यानं उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले, "नवरा जिता असताना कुंकू पुसतेस? त्याच्या जिवावर उठलीस?"

"आबा, त्यासना जीव त्यासनापाशी शे. मी कसाले सांभाळू?" एवढं बोलून तू पीठ मळायला घेतलंस.

त्या दिवसापासून आबांनी तुझ्या हातचं पाणी बंद केलं. ज्या बायांचा कुंकवाचा हात अडखळायचा, त्यांनाच आता तुझ्या कपाळाचा राग यायला लागला. गंमत बघ. काका मेला असता तर तुला रडून मोकळं केलं असतं, आणि नुसतं बेपत्ता राहिला असता तर तुझी कीव केली असती. पण तू स्वतः ठरवलंस, ते कुणाला सोसलं नाही. तू शिलाई मशीन घेतलंस, गल्लीभरच्या पोरींची परकर-पोलकी शिवलीस. त्याच बायांच्या पोरींची! मी जळगावहून यायची, तुझ्यासमोर बसायची आणि दर वेळी तेच उकरून काढायची: तू तिथं का गेली नाहीस? तू सुईत दोरा ओवत म्हणायचीस, "जेवनी का तू?" माझं हे भांडण अर्धंच राहिलं. तू जिंकलीस की हरलीस हेसुद्धा मला कळलं नाही. पण एक सांगते. मी शाळेत आज कुणापुढं मान खाली घालत नाही, ते मी पुस्तकांतून शिकले नाही. ओट्यावरच्या त्या "कोन मरी गया"मधून शिकले.

तर त्या सकाळी मी दारात उभी. बाया म्हणत होत्या, सुमे, बाजूला हो, भाग्यवान बाईचं अंग आहे, आम्हाला तिच्या कुंकवाला हात लावू दे. आणि गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. तिच्यातून उतरले ते नानाकाका. आबांनीच निरोप धाडला होता, पहाटेच. म्हणजे आबांना पत्ता ठाऊक होता, आणि बहुधा बरीच वर्षं ठाऊक होता. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

म्हातारे झालेत गं. वाकलेत. मान वर करून कुणाकडं बघत नव्हते. आबांनी एका बाईच्या हातातला करंडा घेऊन त्यांच्या हातात दिला. "जा. तुझ्या हातानं लाव. मग कुणी काही बोलणार नाही." गर्दीनं वाट करून दिली. मला आईनं मागून धरलं, मी हात झटकला, आत गेले आणि तुझ्या उशाशी बसून माझा तळहात तुझ्या कपाळावर ठेवला. कपाळ गार पडलं होतं. मी हात दाबून धरला.

काका उंबऱ्याशी आले. करंडा हातात. मी म्हटलं, "लावायचं तर माझ्या हातावर लावा. हा हात निघणार नाही."

त्यांनी तुझ्याकडं बघितलं. तुझी मोकळी मनगटं दिसली असतील त्यांना. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, माफी मागेल, काहीतरी तमाशा करेल, आणि मग मी त्याला ते सगळं ऐकवीन जे तू ऐकवलं नाहीस. पोटात साठवून ठेवलेलं होतं सगळं. पण त्यांनी करंडा खाली ठेवला. आणि अगदी खालच्या आवाजात मलाच विचारलं, "मग मी कोण म्हणून चालू?"

खरंच त्यांना कळत नव्हतं गं. तो माझ्यापुढचा म्हातारा, थकलेला, भेदरलेला चेहरा बघून माझ्या तोंडातले सगळे शब्द वाळून गेले. तेव्हा मला समजलं की साक्रीच्या स्टँडवरून तू धुळ्याच्या गाडीत का बसलीस. भांडायला समोर आपलं माणूस लागतं.

मी म्हटलं, "गल्लीतली माणसं चालतात ना मागं, तसे चाला."

ते बाजूला झाले. आईनंच मग तुझं रोजचं निळं लुगडं पेटीतून काढून आणलं, आबा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि आम्ही बायांनी तुला न्हाऊ घातलं. तुला उचललं तेव्हाच मी हात काढला. काका सगळ्यांच्या मागं, न्हाव्याच्या शेजारून चालत गेले. काकू, तू मोकळ्या कपाळानं गेलीस.